विश्लेषण : एका रात्रीत दीड किलो वाढले? वजन रोज करावे की आठवड्यातून एकदा?

काट्यावरचा एक आकडा चुकीचा वाचला, की नीट चाललेला आहारही अर्ध्यावर सुटतो. वजन कधी करावे, किती वेळा करावे आणि त्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

रत्नागिरीतला कोणताही सोमवार घ्या. रविवारी दुपारी घरात सुरमईचे कालवण, भात, सोलकढी आणि सोबत पापड. संध्याकाळी मांडवीला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी, तिथे भेळ. सोमवारी सकाळी काट्यावर पाय ठेवला, की शनिवारपेक्षा सव्वा-दीड किलो जास्त! तीन आठवडे सांभाळलेला आहार, पहाटेचे चालणे, चहातली सोडलेली साखर, सगळे फुकट गेल्यासारखे वाटते.

मग दोनपैकी एक गोष्ट घडते. कुणी त्या दिवशी जेवणच टाळतो, तर कुणी ‘आपल्याला हे जमणारे नाही’ म्हणत आहार सोडून देतो. दोन्ही निर्णय एका रात्रीच्या आकड्यावर घेतलेले असतात. तो आकडा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २४ टक्के महिला आणि २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. म्हणजे जवळपास दर चौथ्या माणसाला हा प्रश्न लागू आहे. पूर्वी रेल्वे स्थानकावरच्या रंगीत दिव्यांच्या यंत्रात नाणे टाकून वजनाचे तिकीट काढण्याची गंमत कधीतरीच व्हायची. तिकिटावर भविष्यही छापलेले असे. आता काटा घरात आला, पण भविष्य वाचायची सवय गेली नाही. सकाळचा आकडा पाहून आजचा दिवस कसा जाणार, हे आजही ठरवले जाते.

एका रात्रीत दीड किलो कुठून येते?

आधी साधे गणित. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत दोनशेच्या आसपास कॅलरी धरल्या, तर एक किलो चरबी वाढण्यासाठी रोजच्या गरजेपेक्षा ३८ वाट्या भात जास्तीचा खावा लागेल. रविवारचे जेवण कितीही आडवा हात मारून झाले तरी ते इतके नसते. त्यामुळे एका रात्रीत वाढलेला दीड किलो चरबीचा असूच शकत नाही. मग तो कशाचा असतो?

पहिले उत्तर मीठ. रुग्णालयात लावतात त्या सलाइनमध्ये लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ असते आणि पेशींबाहेरच्या द्रवाचा खारेपणाही साधारण तितकाच असतो. हे प्रमाण राखण्यासाठी शरीर मिठासोबत पाणी धरून ठेवते. चार-पाच ग्रॅम मीठ जास्त पोटात गेले, तर ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी, म्हणजेच अर्धा किलो वजन, अंगात राहू शकते. कोकणातल्या ताटात मिठाच्या जागा भरपूर आहेत. पापड, लोणचे, खारातली मिरची आणि जून-जुलैत मासेमारी बंद असताना सुकट, सुके बोंबील, खारवलेले मासे. पावसाळ्यात वजन ‘उगाच’ वाढल्यासारखे वाटण्यामागे हेही एक कारण असू शकते.

दुसरे उत्तर भात, पोळी आणि गोड पदार्थ. यांतली काही साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवते. हा साठा अर्धा किलोपर्यंत असू शकतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे साठा पूर्ण भरलेला असणे आणि रिकामा असणे यात दोन किलोपर्यंत फरक पडू शकतो. त्यात चरबीचा हिशेब कुठेच नाही.

तिसरे उत्तर पोटात आणि आतड्यांत असलेले अन्न. एक लिटर पाणी प्यायले, की काट्यावर एक किलो लगेच वाढतो. बद्धकोष्ठता असेल तर फरक दोन-तीन दिवस टिकतो. महिलांमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन वाढू शकते. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंतही काही दिवस पाणी साठते. गणपतीला मुंबईहून रात्रभर एसटीत बसून येणाऱ्या चाकरमान्यांचे पाय सुजलेले असतात, ती सूजही पाण्याचीच.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने का उतरते?

हेच गणित उलटे लागू होते. भात, पोळी, साखर एकदम कमी केली, की ग्लायकोजेनचा साठा उतरतो आणि त्याच्यासोबतचे पाणीही जाते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोन किलो कमी झाल्याचे दिसते. ‘सात दिवसांत तीन किलो’ अशा जाहिरातींमागे बऱ्याचदा हेच पाणी असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो आणि लोकांना वाटते, आहार ‘लागू पडेनासा झाला’. प्रत्यक्षात चरबी उतरण्याचा खरा वेग आता कुठे दिसू लागलेला असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सर्वसाधारण सुरक्षित वेग मानला जातो. रोजची चढउतार एक-दोन किलोची आणि आठवड्याची खरी घट अर्ध्या किलोची, म्हणजे जे शोधायचे आहे त्यापेक्षा गोंधळ मोठा. सगळा घोळ इथेच आहे.

वजन कधी करावे?

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाण्याच्या आधी आणि शक्यतो सारख्याच कमी कपड्यांत. सकाळी पोट सर्वांत रिकामे असते आणि आदल्या दिवशी काय व किती वाजता खाल्ले-प्यायले, याचा परिणाम त्यातल्या त्यात कमी असतो. रात्री जेवणानंतरचे वजन सकाळपेक्षा किलोभर जास्त भरले, तरी त्यात नवल नाही. म्हणून काल सकाळचा आकडा आज रात्रीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सगळ्यांची सकाळ मात्र सारखी नसते. पहाटे बोटीवर जाणारे खलाशी, रात्रपाळीच्या परिचारिका, रात्रभर गाडी चालवणारे चालक यांनी घड्याळाकडे न पाहता मुख्य झोपेतून उठल्यानंतरची वेळ धरावी. रोज अवस्था सारखी असणे महत्त्वाचे.

व्यायामानंतर लगेच वजन करून खूश होण्यातही फसगत आहे. कोकणातल्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तासभर चालल्यावर घामावाटे बरेच पाणी जाते. काट्यावर दिसणारी ती घट पाणी प्यायले की भरून निघते आणि भरून निघायलाच हवी. काट्यावर कमी दिसावे म्हणून पाणी न पिणे किंवा अंगात जाड कपडे घालून घाम काढणे हा धोका आहे, त्याने वजन कमी होत नाही.

रोज की आठवड्यातून एकदा?

अभ्यासांचा कल नियमित वजन करण्याच्या बाजूने आहे. अमेरिकेत १९९४ पासून चालणाऱ्या ‘नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री’मध्ये किमान १३-१४ किलो वजन कमी करून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंद होते. त्यांतले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात. अर्थात, वजन केल्यामुळे ते टिकले की टिकवणारी माणसेच वजन करतात, हे अशा नोंदीवरून सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा ठोस पुरावा २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. नुकतेच वजन कमी केलेल्या ३१४ जणांचे तीन गट करून दीड वर्ष पाठपुरावा करण्यात आला. एका गटाला फक्त माहितीपत्रके मिळाली. उरलेल्या दोन गटांना रोज वजन करून वाढ दिसताच खाण्या-चालण्यात बदल करायला शिकवले गेले. एका गटाला समोरासमोर, दुसऱ्याला इंटरनेटवरून. माहितीपत्रकांच्या गटात ७२ टक्के लोकांचे वजन २.३ किलो किंवा त्याहून जास्त परत वाढले. समोरासमोर शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास राहिले. फायदा नुसत्या काट्यावर उभे राहण्याचा नव्हता. आकडा पाहून काय करायचे, हे त्यांना आधीपासून माहीत होते.

फिनलंडमध्ये ८० जणांच्या वजनाच्या नोंदींवर झालेला २०१४ चा एक अभ्यासही उद्बोधक आहे. बहुतेकांचे वजन शनिवार-रविवारी वाढत गेले आणि आठवड्याभरात पुन्हा उतरले. ज्यांचे वजन एकूणात कमी होत होते, त्यांच्यातही हा हेलकावा होताच. म्हणजे सोमवारचा धक्का एकट्या रत्नागिरीकरांचा नाही.

यावरून एक साधी भूमिका निघते. ज्याला आकडा नोंदवून पुढच्या कामाला लागता येते, त्याने रोज वजन करावे. ज्याचा दिवस त्या आकड्याने बिघडतो, त्याने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी करावे. असा वार मधला असलेला बरा, उदाहरणार्थ बुधवार किंवा गुरुवार. सोमवारी रविवारचे मीठ मोजले जाते. दिवसातून तीन-चार वेळा वजन करण्याने मात्र कोणाचेच भले होत नाही. त्यात फक्त जेवण, पाणी आणि कपडे मोजले जातात.

आकडा वाचावा कसा?

समजा, बँकेत काम करणाऱ्या एका महिलेने दोन आठवडे रोज सकाळी वजन लिहून ठेवले.

पहिला आठवडा (सोमवार ते रविवार) : ७२.८, ७२.३, ७२.१, ७१.९, ७१.८, ७२.०, ७२.४
दुसरा आठवडा (सोमवार ते रविवार) : ७२.६, ७१.९, ७१.७, ७१.४, ७१.३, ७१.४, ७१.९

तिने पहिला शुक्रवार (७१.८) आणि दुसरा सोमवार (७२.६) ताडून पाहिले, तर तीन दिवसांत ८०० ग्रॅम वाढले असे दिसते. पहिला शुक्रवार आणि दुसरा रविवार (७१.९) पाहिला, तर नऊ दिवस कष्ट करूनही १०० ग्रॅमची वाढच. आता दोन्ही आठवड्यांची सरासरी काढा. पहिल्याची ७२.२ किलो, दुसऱ्याची ७१.७ किलो. म्हणजे आठवड्यात जवळपास अर्धा किलो उतरला आहे आणि आहार अगदी बरोबर चालला आहे. एकाच वहीतल्या या नोंदींमधून दोन निराश करणारे निष्कर्ष निघाले आणि एक खरा.

सात आकड्यांची बेरीज करून सातने भागायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. त्यासाठी पैसे भरून ॲप घेण्याची गरज नाही. सरासरीत रविवारचे मीठ आणि शुक्रवारचा उपास एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि खाली उरतो तो खरा कल. आहारात बदल करायचा की नाही, हे अशा तीन-चार सरासऱ्या समोर आल्यावरच ठरवावे. महिलांनी या महिन्याचा आठवडा मागच्या महिन्यात पाळीच्या त्याच टप्प्यातल्या आठवड्याशी ताडून पाहिला, तर चित्र आणखी स्पष्ट होते.

तीन-चार आठवडे सरासरी जागची हललीच नाही, तर मात्र काहीतरी बदलायला हवे. वजन उतरले की शरीराची ऊर्जेची गरजही कमी होते. ८० किलोला पुरणारा आहार ७२ किलोला थोडा जास्तच ठरतो. शिवाय ताटाबाहेरचे खाणे हळूहळू वाढलेले असते. दुपारच्या चहासोबतचे बिस्किट, मुलांच्या डब्यात उरलेले, आंब्याच्या दिवसांत येता-जाता कापलेली हापूसची फोड.

घरातला काटा बरोबर आहे का?

बाजारातल्या व्यापाऱ्याच्या काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून ठराविक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. घरातला काटा एकदा विकत आणला, की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. डिजिटल काट्याच्या पायांत दाब मोजणारे संवेदक असतात. चारही पाय कठीण, सपाट जमिनीवर सारखे टेकले नाहीत तर आकडा चुकतो. सतरंजी, पायपुसणे, जुन्या घरातली सारवलेली किंवा उंचसखल जमीन यांवर काटा ठेवू नये. एक सपाट फरशी निवडून काटा कायम तिथेच वापरावा. बॅटरी उतरली असेल तर बदलावी.

काटा तपासायला घरगुती उपाय आहे. आधी नुसते वजन करा. मग पाच किलो आट्याची न फोडलेली पिशवी हातात घेऊन पुन्हा करा. फरक पाच किलोच्या जवळपास यायला हवा. असे दोन-तीनदा करून दर वेळी वेगळेच उत्तर आले, तर दोष आहारात शोधू नये. काटा नेहमी अर्धा किलो जास्त दाखवत असेल, तर मात्र फारसे बिघडत नाही, कारण आपल्याला फरक मोजायचा आहे. म्हणूनच घरचा काटा, जिमचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

चरबीची टक्केवारी दाखवणारे ‘स्मार्ट’ काटे शरीरातून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. अंगातल्या पाण्यानुसार तो अंदाजही बदलतो, त्यामुळे रोजच्या टक्केवारीला फार महत्त्व देऊ नये. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी असे काटे वापरू नयेत.

काट्याशिवाय काय मोजावे?

महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास आहारावरून मोठा वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारित, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घराघरात पोहोचवली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी भूक ओळखून थोडे थोडे, पारंपरिक आणि स्थानिक अन्न खाण्याची बाजू मांडली. दोन वेळा की अनेक वेळा, यावर नातेवाइकांत भांडणे झाली. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष झाले. या दोन्ही पद्धतींत वजनकाटा हा एकमेव पंच नव्हता. दीक्षित यांच्या पद्धतीत सुरुवातीला आणि पुन्हा तीन महिन्यांनी रक्तातील एचबीए१सी व उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासण्यावर भर आहे, तर दिवेकर यांच्या २०१८ च्या १२ आठवड्यांच्या उपक्रमात कंबरेच्या घेराला महत्त्व होते.

कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि महिलांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत स्नायू वाढून वजन जागेवर राहते आणि घेर मात्र कमी होतो. तिथे टेप काट्यापेक्षा जास्त खरे सांगते.

कोणी टाळावे, कोणी चुकवू नये?

अमेरिकेतल्या काही अभ्यासांत किशोरवयीन आणि तरुण मुलींमध्ये वारंवार वजन करणे आणि खचलेली मनःस्थिती यांचा संबंध दिसला आहे. खाण्याविषयी सतत अपराधीपणा वाटणाऱ्यांनी किंवा पूर्वी खाण्याचा विकार झालेल्यांनी घरात काटा न ठेवलेलाच बरा. मुलांचे वजन बालरोगतज्ज्ञांवर आणि गर्भवतींचे वजन त्यांच्या तपासणीवर सोडावे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दर सोमवारी सगळ्यांचे आकडे टाकायला लावणे किंवा जिममध्ये चारचौघांत वजन जाहीर करणे, या प्रथाही बंद व्हायला हव्यात. त्यातून चरबी उतरत नाही. आदल्या दिवशी उपाशी राहण्याची स्पर्धा मात्र सुरू होते.

मधुमेहींसाठी ही स्पर्धा थेट घातक आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना काट्यावरचा आकडा पाहून जेवण टाळले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. आहारातला प्रत्येक मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

याउलट, हृदयाचे कार्य कमकुवत झालेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात. तिथे पाणी हाच धोक्याचा इशारा असतो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ, पायांवर सूज, धाप लागणे अशी लक्षणे दिसताच थांबू नये, डॉक्टरांना गाठावे. तसेच काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलोहून अधिक, तर ‘बरे झाले, बारीक झालो’ म्हणू नये. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड अशा आजारांची तपासणी करून घ्यावी.

थोडक्यात काय?

• वजन सकाळी, रिकाम्या पोटी, एकाच काट्यावर, एकाच जागी करावे.
• जमत असेल तर रोज. मनाला त्रास होत असेल तर आठवड्यातून एकदा, मधल्या वारी.
• आकडा लिहून ठेवावा, सरासरी आठवड्याने काढावी, निर्णय तीन-चार आठवड्यांनी घ्यावा.
• महिन्यातून एकदा कंबरेचा घेर मोजावा.
• काट्याच्या धाकाने एकही जेवण चुकवू नये.

रविवारी मासे खावेत, गणपतीत मोदक खावेत आणि सोमवारी सकाळी काट्यावरही उभे राहावे. वाढलेला आकडा वहीत लिहावा, शेजारी ‘काल पापड, सुकट’ एवढी नोंद करावी आणि नेहमीचा नाश्ता करून कामाला लागावे. बुधवार-गुरुवारपर्यंत त्यातला बराचसा भाग उतरलेला असेल. उतरला नाही, तरी त्याचा निकाल लावायला महिनाअखेर आहे.